जुनं कार्टून, नवा सिनेमा: वाचकांचे प्रश्न

लहानपणीच्या कार्टूनवर नवा सिनेमा आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो: "पार वाट लावली!" वाट नेमकी कशाची लागली, ते मात्र बहुतेक पत्रांत नसतं. या अंकासाठी निवडलेल्या पत्रलेखकांनी बोट बरोबर ठेवलंय: कुणी वेगावर, कुणी आवाजावर, कुणी पडद्याच्या मापावर. त्यामुळे उत्तरंही तशीच मुद्द्याला धरून देता येतील.

प्रश्न: टॉम अँड जेरीचा २०२१चा सिनेमा परवा मुलांसोबत पाहिला. जुने भाग बघताना सात मिनिटांत हसून हसून पोट दुखायचं. इथे अख्ख्या सिनेमात चार-पाचदाच हसू आलं. माणसांचंच पुराण फार. माझं वय झालं म्हणायचं की सिनेमाच फसलाय?
– टॉमच्या बाजूचा वाचक

उत्तर: वयाचा काही संबंध नाही. सात मिनिटांसाठी बेतलेली गोष्ट दीड तासाच्या पुढे ताणली की काय होतं, ते तुम्ही पाहिलंत.

जुन्या भागांत टायमिंग आधी ठरायचं, चित्रं नंतर निघायची. टॉम-जेरी घडवणाऱ्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीतले बार्बेरा गोष्ट आणि गमती रचायचे. कुठली हालचाल किती फ्रेममध्ये संपवायची, हे हॅना ठरवायचे. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम. दर १२ फ्रेमला एक ठोका धरला तर मिनिटाला १२० ठोके पडतात, ८ फ्रेमला धरला तर १८०. टॉम दबकत चालतो तेव्हा लय एक, पळत सुटला की दुसरी, आणि स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत याच हिशेबावर लिहिलेलं. म्हणून इस्त्री डोक्यात पडते ती बरोब्बर ठोक्यावर. दोन-चार फ्रेम इकडच्या तिकडे झाल्या तरी त्यातलं हसू विरतं.

नव्या सिनेमात न्यूयॉर्कचं हॉटेल आणि माणसं खरी, प्राणी तेवढे सगळे कार्टूनचे. म्हणजे नटांचं चित्रीकरण आधी, टॉम-जेरी नंतर. नट रिकाम्या जागेकडे किंवा खुणेसाठी ठेवलेल्या एखाद्या वस्तूकडे बघून बोलतो, वाक्य संपवायला त्याला लागेल तेवढा वेळ घेतो आणि उरलेल्या जागेत मांजर-उंदराला बसवावं लागतं. ठोका धरण्याचं काम टॉमकडून काढून माणसांकडे गेलं, तिथेच घोळ झाला. तुम्हाला हसू आलं ती चार-पाच ठिकाणं पुन्हा लावून बघा. बहुतेक ठिकाणी माणूस बोलत नसेल.

दुसरी अडचण लांबीची. सात मिनिटांचा एक असे तेरा भाग जोडले की दीड तास होतो, पण सलग तेरा पाठलाग कुणाच्याच्याने बघवत नाहीत. मग लेखक मध्ये काहीतरी घालतात: कुणाचं लग्न, कुणाची धोक्यात आलेली नोकरी. १९९२च्या सिनेमात याच अडचणीवर निराळा तोडगा काढला होता. त्यात टॉम आणि जेरी चक्क बोलले आणि गायलेही! त्या मानाने २०२१मध्ये टॉम-जेरीची मूळ रीत बरीच शुद्ध ठेवली आहे. टॉमच्या ओरडण्यासाठी हॅना यांच्या स्वतःच्या आवाजातली जुनी ध्वनिमुद्रणंही वापरली आहेत.

पण तुमचे ते 'जुने भाग' म्हणजे नेमके कुठले? १९४० ते १९५८ या काळात हॅना-बार्बेरांनी ११४ भाग केले. मग १९६१-६२मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३ केले, आणि १९६३ ते १९६७ या काळात चक जोन्स यांच्या हाताखाली ३४ झाले. ओळखायचे कसे? सुरुवातीला एमजीएम कंपनीच्या सिंहाच्या जागी टॉम येऊन म्याव करतो आणि त्याच्या भुवया जाडजूड आहेत, तर तो जोन्स यांचा. आवाज गुहेतून आल्यासारखे घुमतात आणि हालचाल झटक्याझटक्याने होते, तर तो डाइच यांचा. मालिकेला मिळालेले सातही ऑस्कर पहिल्या खेपेतल्या भागांचे. 'पूर्वीचं सगळंच भारी' म्हणण्याआधी डाइच यांचे दोन भाग सलग बघा. नवा सिनेमा एकदम बरा वाटू लागण्याची शक्यता आहे.

मुलांसाठी एक सूचना. चाळीसच्या दशकातल्या काही भागांत कृष्णवर्णीयांची टिंगल करणारी चित्रं आहेत. टीव्हीवर ती बरेचदा कापली जायची, काही संग्रहांत मात्र असतात. मुलांसमोर लावण्याआधी एकदा स्वतः पाहून घ्या.

प्रश्न: नव्या मोठ्या टीव्हीवर जुने भाग आणि नवे ॲनिमेशनपट दोन्ही विचित्र दिसतात. पात्रं तेलावरून घसरल्यासारखी हलतात. थिएटरमध्ये तोच सिनेमा छान दिसला होता. प्रिंट खराब आहे का?
– गोंधळलेला दर्शक

उत्तर: प्रिंट ठीक आहे, टीव्ही आगाऊपणा करतोय. दोन फ्रेमच्या मध्ये काय असेल याचा अंदाज बांधून तो स्वतःच्या फ्रेम घुसडतो. क्रिकेटला हे चालून जातं, कार्टूनला नाही.

कारण असं की कार्टूनमध्ये सेकंदाला २४ वेगवेगळी चित्रं क्वचितच असतात. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, ही जुनी पद्धत. वेगवान हालचालीसाठी चित्रकार मध्ये एखादं मुद्दाम वेडंवाकडं चित्र टाकतो: हात रबरासारखा ताणलेला किंवा एका हाताला चार मुठी. ते पडद्यावर फार तर सेकंदाचा बारावा भाग राहतं, डोळ्याला फक्त झटका जाणवतो. टीव्ही त्या वेड्यावाकड्या चित्राचे आणि पुढच्या चित्राचे मधले टप्पे 'शोधून' काढतो, आणि झटक्याचा लगदा होतो. हल्लीचे सिनेमे तर मुद्दाम कमी चित्रं वापरतात. २०१८च्या 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये नवखा माइल्स सेकंदाला १२ चित्रांत हलतो आणि त्याच दृश्यात सराईत पीटर २४मध्ये. माइल्सचा अडखळेपणा दिसतो तो त्यामुळेच. टीव्हीने दोघांना एकसारखं गुळगुळीत केलं की दिग्दर्शकाची सगळी मेहनत पाण्यात.

करायचं काय? सिनेमा चालू असतानाच पिक्चर सेटिंग्जमध्ये जा. सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीमध्ये 'ट्रूमोशन', सोनीमध्ये 'मोशनफ्लो' असं नाव सापडेल. ते 'ऑफ' करा. 'कस्टम' ठेवायचंच असेल तर 'जडर'ची पट्टी शून्यावर आणा. त्याच पानावरचं नॉइज रिडक्शनही बंद करा. पातळ, वेगाने सरकणाऱ्या रेषेला ते कचरा समजून पुसून टाकतं. शार्पनेस खाली आणा, नाहीतर काळ्या रेषेभोवती पांढरी कड दिसते. तुमच्या टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असेल तर हे बहुतेक सगळं एका बटणात होतं. मात्र बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक ॲपचं आणि प्रत्येक एचडीएमआयचं सेटिंग वेगळं जपलं जातं, त्यामुळे एकदा बदलून भागत नाही. लोक इथेच फसतात आणि 'काल तर बंद केलं होतं' म्हणत बसतात.

झालं की नाही ते तपासायला कॅमेरा आडवा सरकत असलेलं लांबलचक दृश्य लावा. मागचं चित्र लोण्यासारखं सरकतंय आणि पात्राच्या कडेला लुकलुकणारी झालर दिसतेय, तर अजून कुठेतरी चालू आहे.

प्रश्न: आवाज बदलला की माझ्यासाठी ते पात्रच मरतं. सिनेमावाले जुने कलाकार का घेत नाहीत? पैसे वाचवायला?
– जुन्या आवाजांची चाहती

उत्तर: पैसे वाचवायला असतं तर नामांकित नटांना घेतलं नसतं. उलट पोस्टरवर छापायला नाव हवं असतं, म्हणून मोठे नट येतात. २०२०च्या 'स्कूब!'चंच बघा. फ्रँक वेल्कर १९६९पासून स्कूबी-डूमधल्या फ्रेडचा आवाज आहेत आणि २००२पासून स्कूबीचाही. सिनेमात स्कूबी त्यांच्याकडेच ठेवला, फ्रेड मात्र झॅक एफ्रॉनला दिला. म्हणजे फ्रेडचा पन्नास वर्षांचा आवाज त्याच सिनेमात हजर आहे, फक्त कुत्र्याच्या तोंडून! शॅगीसाठीही तोवर त्याला आवाज देणाऱ्या मॅथ्यू लिलार्ड यांच्याऐवजी विल फोर्टे आले आणि चाहत्यांची नाराजी झाली ती मुख्यतः यावर. आमच्या मते ती रास्त होती.

वय हे दुसरं कारण, आणि तिथे तक्रारीला जागा नाही. जपानमध्ये नोबुयो ओयामा यांनी १९७९पासून डोरेमॉनला आवाज दिला. एप्रिल २००५मध्ये त्यांच्यासह मुख्य कलाकार एकदमच बदलले आणि वासाबी मिझुता आल्या. १९८०पासून जवळपास दरवर्षी येणारा सिनेमा २००५मध्ये आला नाही. २००६मध्ये नव्या आवाजांत पहिल्याच सिनेमाची नवी आवृत्ती आली. एकेक आवाज बदलत गेले असते तर प्रत्येक वेळी कान अडखळले असते. सगळे एकदम बदलले की दुखतं एकदाच.

तिसरा मामला 'द फर्स्ट स्लॅम डंक'चा, डिसेंबर २०२२. नव्वदच्या दशकातली बास्केटबॉलवरची १०१ भागांची मालिका ज्या सामन्यापर्यंत पोचलीच नव्हती, तो सामना मूळ चित्रकथेचे लेखक ताकेहिको इनोउए यांनी स्वतः दिग्दर्शित केला. आवाज सगळे नवे. चाहते भडकले ते बदलाइतकेच त्याच्या वेळेवर: आगाऊ तिकिटं विकायला काढली आधी, आवाज बदलल्याचं सांगितलं नंतर. सिनेमा मात्र तुफान चालला.

तुम्हाला नवा आवाज खरंच नावडलाय की फक्त नवखा वाटतोय, हे कळायला एक सोपा उपाय. जुन्या मालिकेतली दोन मिनिटं आणि नव्या सिनेमातली दोन मिनिटं डोळे मिटून ऐका. पट्टी, बोलण्याचा वेग आणि हसणं या तीन गोष्टी वेगवेगळ्या तोला. पट्टी जुळत नसेल तर कान सहसा अर्ध्या तासात रुळतो. हसणं जुळत नसेल तर शेवटपर्यंत खटकत राहतं.

प्रश्न: २०१६चा 'द जंगल बुक' आला तेव्हा मोठ्या आशेने गेले होते. दूरदर्शनवरच्या मोगलीचं ते बूमरँग कुठेच नाही! सिनेमावाल्यांनी मूळ मालिका बघितलीच नव्हती का?
– चड्डी पहन के फूल खिला है

उत्तर: ती 'मूळ' नाहीच. रडयार्ड किपलिंगच्या १८९४ आणि १८९५च्या पुस्तकांपासून दोन वेगळ्या फांद्या फुटल्या. एक डिस्नेची: १९६७चा ॲनिमेशनपट आणि त्यावर बेतलेला २०१६चा सिनेमा. दुसरी जपानची: निप्पॉन ॲनिमेशनने १९८९मध्ये सुरू केलेली ५२ भागांची मालिका, जी पुढे हिंदी होऊन दूरदर्शनवर आली. बूमरँग या दुसऱ्या फांदीवरचं. डिस्नेला ते वापरण्याचा हक्कही नव्हता आणि कारणही नव्हतं.

गोंधळ वाढायला हिंदी आवृत्तीच कारणीभूत ठरली. दूरदर्शनवर शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा होता, आणि २०१६च्या हिंदी आवृत्तीतही त्यांनाच घेतलं. गुलजार-विशाल भारद्वाज यांचं ते गाणंही सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी नव्याने केलं. नाना आहेत, गाणं आहे, मग मालिकाही तीच असणार, असं कुणालाही वाटेल. बाकी वितरकांनी डाव मात्र अचूक टाकला.

असा घोटाळा टाळायचा तर सिनेमाच्या नावापेक्षा 'यावर आधारित' ही ओळ वाचा. पुस्तकावर आधारित असेल तर तुमच्या मालिकेतलं काहीही असेलच असं नाही. मालिकेवर आधारित असेल तर निर्मात्यांत त्या मालिकेच्या कंपनीचं नाव दिसतं. ते नसेल तर आशा आवरती घ्या.

प्रश्न: हाताने काढलेली पात्रं थ्रीडीत गेली की बाहुल्या का वाटतात?
– एक चित्रकला शिक्षिका

उत्तर: शिक्षिका आहात, तेव्हा एक प्रयोग सुचवतो. मिकी माउसचे कान कागदावर चितारून बघा. समोरून दोन गोल, बाजूनेही दोन गोलच. खऱ्या डोक्यावर असं होणं शक्य नाही. बाजूने बघितलं तर कान पातळ तरी दिसेल, नाहीतर एकामागे एक लपतील. कागदावर चित्रकार ही लबाडी बिनबोभाट करतो. थ्रीडीत एकदा डोकं घडवलं की कॅमेरा फिरताक्षणी लबाडी उघडी पडते. म्हणून संगणकावरही डोकं वळेल तसे कान गुपचूप सरकवावे लागतात.

हे सगळ्यात निगुतीने केलंय २०१५च्या 'द पीनट्स मूव्ही'त. 'पीनट्स' या चित्रकथेचे जनक चार्ल्स शुल्झ तिचा नायक चार्ली ब्राऊनला ठरावीक कोनांतूनच काढत. म्हणून सिनेमात त्याचं डोकं सलग न फिरता एका कोनातून दुसऱ्या कोनात टपकन जातं. हालचाल बरीचशी सेकंदाला १२ चित्रांची, आणि भुवया-तोंड पेनाने ओढल्यासारख्या साध्या रेषांचं. त्याच्या कुत्र्याचा, स्नूपीचा, आवाज म्हणून २००८मध्ये वारलेल्या बिल मेलेंडेझ यांची जुनी ध्वनिमुद्रणं घेतली. बाहुली का वाटत नाही, ते यात आलं.

उलट बाजूही बघा. हॅना-बार्बेरांच्या टीव्हीवरच्या योगी बेअरला कॉलर आणि टाय असतो तो काटकसरीपायी. कॉलरच्या रेषेवर डोकं आणि धड वेगळं करायचं, धड तसंच ठेवायचं आणि बोलताना नुसतं डोकं हलवायचं: तेवढीच चित्रं वाचली. थ्रीडीत त्या कॉलरला काही कामच उरत नाही, पण ती काढली तर तो योगी वाटणार नाही. अशी पात्रं थ्रीडीत अवघडलेली दिसतात त्याचं कारण हेच. ती स्थिर उभी राहायला जन्मली होती, आणि नव्या सिनेमात त्यांना सतत हलवलं जातं.

प्रश्न: नव्या सिनेमाचा टीझर बघून आमच्या मित्रमंडळींनी सह्यांची मोहीम काढली आहे. असल्या मोहिमांनी कधी काही बदलतं का?
– सही करू की नको

उत्तर: एकदा बदललं, आणि ते उदाहरण सगळे तोंडावर फेकतात: व्हिडिओ गेमवरचा 'सोनिक द हेजहॉग'. ३० एप्रिल २०१९ला ट्रेलर आला. सोनिकला माणसासारखे दात, एकमेकांपासून सुटे बारके डोळे, काटकुळे पाय, आणि हातमोज्यांच्या जागी पांढरी लव. दोनच दिवसांत दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी बदल करण्याचं जाहीर केलं. ८ नोव्हेंबर २०१९ची तारीख १४ फेब्रुवारी २०२०वर गेली, आणि सोनिकच्या चित्रकथांमधून आलेले टायसन हेसी यांच्या देखरेखीखाली मोठे डोळे आणि हातमोजे परत आले.

हे जमलं त्याला कारणं होती. प्रदर्शनाला सहा महिने होते. खऱ्या माणसांचं चित्रीकरण तसंच राहणार होतं, बदलायचं होतं ते संगणकावरचं एकच पात्र. आणि तक्रार नेमकी होती: डोळे, दात, हात. 'आमचं बालपण परत द्या' असं लिहून ॲनिमेटरला काय करायचं ते कळत नाही. 'हातमोजे नाहीत' असं लिहिलं की कळतं.

तुमचा सिनेमा पूर्ण हाताने काढलेला असेल, किंवा तारीख दोन महिन्यांवर असेल, तर सही केली काय नि न केली काय. कथा, गाणी, मुख्य आवाज या टप्प्यावर हलत नाहीत. नंतरच्या घरगुती आवृत्तीत मात्र सबटायटल, भाषेचे पर्याय आणि चित्राचं माप बदलू शकतं. त्याबद्दल मागणी जरूर करा; का, ते पुढच्याच उत्तरात आहे.

प्रश्न: सिनेमाच्या आधी जुनी मालिका पुन्हा बघतोय. पात्रं जाडी झाल्यासारखी वाटतात आणि काही विनोद कळतच नाहीत. लहानपणी तर कळायचे!
– उजळणी करणारा

उत्तर: दोन वेगळे रोग आहेत. जुन्या मालिका ४:३ मापाच्या (रुंदी ४ तर उंची ३), तुमचा टीव्ही १६:९. टीव्हीने चित्र ओढून भरलं तर सगळं ३३ टक्के रुंद होतं. चंद्र, चाक, घड्याळ असं काहीतरी गोल शोधा आणि मोजपट्टी लावा. ३० सेंटिमीटर उंच गोल ४० सेंटिमीटर रुंद भरला, तर चित्र ओढलेलं आहे. रिमोटवर माप 'ओरिजिनल' किंवा '४:३' करा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येऊ द्या.

गोल गोलच आहे पण डोकी आणि पाय कापलेत, तर चित्र वर-खाली छाटलंय. यात चित्राचा चौथा हिस्सा जातो, आणि तो आधीच छाटून आला असेल तर टीव्हीत काही करता येत नाही. विनोद जातात ते इथे. 'द सिम्प्सन्स'चे जुने भाग नोव्हेंबर २०१९मध्ये डिस्ने प्लसवर असे छाटून आले होते. एका दृश्यात बिअरच्या कारखान्यात तीन वेगळ्या नावांच्या टाक्या दिसतात. विनोद असा की तिन्हींना वरून एकाच पाइपातून बिअर येते. पाइपच छाटला गेला आणि उरल्या नुसत्या तीन टाक्या! चाहत्यांनी लावून धरलं आणि मे २०२०मध्ये मूळ ४:३चा पर्याय आला. भागाच्या माहितीच्या पानावर असा पर्याय आहे का, ते आधी बघा.

नव्या सिनेमाला वर-खाली काळे पट्टे दिसले तर ते मात्र जाऊ द्या. २.३९ मापाचा सिनेमा १६:९ पडद्याचा सुमारे तीन चतुर्थांश भागच व्यापतो. 'झूम' दाबलंत तर दोन्ही कडांची पात्रं जातील.

प्रश्न: शीर्षकगीत सिनेमात मुद्दाम संथ आणि खालच्या पट्टीत केलंय, असं मला शपथेवर वाटतं. घरात कुणी मानत नाही.
– कानाचा पक्का

उत्तर: तुमचे कान बरोबर असू शकतात, पण दोष सिनेमाचा नसेल. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची. आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ती २५ने चालवली जायची. म्हणजे साधारण ४ टक्के जास्त वेग, आणि सूर पाऊण अर्धस्वराच्या जवळपास वर. २२ मिनिटांचा भाग २१ मिनिटं ७ सेकंदांत संपायचा. तुम्ही लहानपणी ते वर चढलेलं गाणं पाठ केलंत, सिनेमात ते मूळ वेगात वाजलं. सगळ्याच मालिकांचं असं नाही. काहींचं रूपांतर वेग न बदलता व्हायचं. टीव्हीवरून भरून घेतलेली जुनी कॅसेट किंवा सीडी सापडली तर गाण्याच्या पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत वेळ लावून बघा. मूळ ६० सेकंदांचं गाणं ५७.६ सेकंदांत संपलं, तर घरच्यांना ऐकवा.

प्रश्न: आठ वर्षांच्या मुलीला सिनेमाला न्यायचंय. जुनी मालिका दाखवायला घेतली तर पाच मिनिटांत म्हणाली, "बाबा, बोअर आहे." सगळी मालिका बघितल्याशिवाय सिनेमा कळेल का तिला?
– बोअर बाबा

उत्तर: कळेल. निर्मात्यांना तुमच्यापेक्षा तिचं तिकीट जास्त हवंय, त्यामुळे मालिका न बघितलेल्यांना कळेल अशीच सुरुवात करतात. मालिका पहिल्या भागापासून दाखवायला घेऊ नका. पहिले भाग बरेचदा कच्चे असतात. रेषा आणि आवाज स्थिरावायला वेळ लागतो. त्याऐवजी तीनच भाग निवडा: सिनेमातला खलनायक पहिल्यांदा येतो तो, मुख्य जोडीचं भांडण होऊन मिटतं तो, आणि एक नुसता धमाल. रोज एक. मध्ये थांबवून "आता बघ हं काय होतं!" म्हणायचं नाही, हे सगळ्यात अवघड. तिसऱ्या दिवशीही बोअर झालं तर थेट सिनेमाला न्या. मुलं बरेचदा सिनेमा बघून आल्यावर स्वतःहून जुने भाग मागतात, तेव्हा लावा.

लहान भावंडं बरोबर असतील तर मागच्या रांगांत बसा. पुढे पडदा अंगावर येतो आणि आवाजाने मुलं दचकतात.

प्रश्न: शेवटची नावं संपेपर्यंत थांबायलाच हवं का? बायको दारात उभी असते.
– घाईतला चाहता

उत्तर: मुख्य कलाकारांची रंगीत नावं संपून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सुरू होतात, त्या सांध्यावर बहुतेक वेळा एक दृश्य असतं. तेवढं बघा. अगदी शेवटी दुसरं असेलच असं नाही, पण पांढऱ्या अक्षरांत 'आर्काइव्हल' असं लिहून जुन्या आवाजाचं नाव कधीकधी येतं. ते सहसा आवाज देणाऱ्यांच्या यादीतच असतं, आणि ती यादी बरीच वर असते. तोवर बायको थांबेल.